दुष्काळाची तारीख

२०२३ च्या पंचांगात श्रावण दोन होते. आधी अधिक आणि मग निज. श्रावण म्हटला की ऊनपावसाचा खेळ, हिरवी शिवारे आणि सणांची लगबग हे चित्र मराठी मनात पिढ्यान्‌पिढ्या कोरलेले आहे. त्या वर्षी मात्र श्रावण दुप्पट आला आणि पाऊस निम्माही आला नाही, असे म्हणण्याची वेळ नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागावर आली. हवामान विभागाच्या नोंदीनुसार १९०१ पासूनचा तो देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट महिना ठरला. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी झाला. १४ सप्टेंबरला पोळा आला. बैलांच्या शिंगांना रंग लागला, अंगावर झूल चढली, पुरणपोळीचा घासही भरवला गेला. पण वैरण माघापर्यंत पुरेल की नाही, हा प्रश्न घराघरांत त्याच दिवशी उभा होता.

या वर्षाची आठवण आज काढण्याचे कारण आहे. त्यानंतरची २०२४ आणि २०२५ ही दोन्ही वर्षे देशाला सरासरीहून अधिक पाऊस देऊन गेली. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने महाराष्ट्रातील उभी पिके पाण्याखाली नेली. अशी वर्षे आली की दुष्काळ विस्मरणात जातो. तो विस्मरणात जाणे, हेच पुढच्या दुष्काळाचे बीज असते. एल निनो हा काही एकदा येऊन कायमचा निघून जाणारा पाहुणा नव्हे. म्हणून २०२३ च्या त्या हंगामाने काय शिकवले, याचा हिशेब विहिरींना पाणी असतानाच मांडला पाहिजे.

नाशिक म्हटले की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर गोदाकाठ, त्र्यंबकेश्वर, द्राक्षबागा आणि गंगापूर धरण येते. परंतु हा जिल्हा एक नाही, दोन आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याशी इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेला येवला, मालेगाव, नांदगावकडे जावे तसा तो पाचशेच्या आसपास उतरतो. अवघ्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक! पश्चिमेचा भात उत्पादक पावसाच्या जोरावर जगतो. पूर्वेचा मका, बाजरी, मूग, कापूस आणि कांदा करणारा शेतकरी पावसाच्या वेळेवर जगतो. त्याला पाऊस किती पडला, यापेक्षा तो केव्हा पडला, हे अधिक महत्त्वाचे असते.

२०२३ मध्ये नेमकी हीच वेळ चुकली. मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोहोचला आणि महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापायला त्याला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला. त्यामुळे पेरण्या जुलैत गेल्या. जुलैत देशभर पाऊस चांगला झाला, पिकांनी मान वर काढली आणि ऑगस्ट लागताच आकाश मोकळे झाले. मक्याला तुरा येण्याचा, कणसात दाणे भरण्याचा, मुगाच्या शेंगा पोसण्याचा तो काळ. त्या तीन-चार आठवड्यांत पाणी मिळाले नाही, तर पुढे सप्टेंबरात कितीही पाऊस पडो, न भरलेले कणीस भरत नाही. सप्टेंबरात पाऊस परतला खरा. हंगामाअखेर देशाची सरासरी ९४ टक्के भरली. आकडेवारीच्या तक्त्यात तो हंगाम ‘सरासरीपेक्षा किंचित कमी’ म्हणून नोंदला गेला. पण सरासरीवर पोट भरत नाही. येवल्याच्या किंवा सिन्नरच्या पूर्वेकडील शेतकऱ्याने जेव्हा मका सोंगला, तेव्हा त्याच्या हाती वैरण आली, धान्य आले नाही.

आणि दुष्काळ जाहीर केव्हा झाला? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी. राज्य शासनाने त्या दिवशी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सिन्नर आणि येवला हे तीन तालुके होते. शेजारचे नांदगाव, चांदवड, देवळा त्या यादीत नव्हते. ओरड झाली, आणि नोव्हेंबरात राज्यातील हजाराहून अधिक महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करून सवलती लागू करण्यात आल्या. म्हणजे शेतात दुष्काळ पडला तो ऑगस्टमध्ये, आणि कागदावर तो उतरला ऑक्टोबरच्या अखेरीस. मधल्या दहा आठवड्यांत शेतकरी दुष्काळात होता. पण दुष्काळग्रस्त नव्हता.

या विलंबाला कोणा एका अधिकाऱ्याची किंवा पक्षाची अनास्था म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने दुष्काळ ठरवण्याची एक शास्त्रीय पद्धत घालून दिली आहे. आधी पावसाची तूट आणि खंड पाहायचा. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल आणि धरणांतील साठे तपासायचे. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची आणि मग निर्णय घ्यायचा. पूर्वीच्या आणेवारीतील मनमानीपेक्षा ही पद्धत निश्चितच बरी आहे. सार्वजनिक पैसा वाटताना पुरावा मागितलाच पाहिजे. प्रश्न पुराव्याचा नाही, क्रमाचा आहे. नुकसान सिद्ध झाल्यावर मदत, हा या व्यवस्थेचा क्रम आहे. शेतकऱ्याला मात्र मदत हवी असते ती नुकसान होत असताना.

कारण ते दहा आठवडे म्हणजे केवळ वाट पाहण्याचा काळ नसतो. शेतकरी कुटुंबाचे वर्षाचे सगळे मोठे निर्णय त्याच काळात होतात. जनावरे ठेवायची की विकायची? सगळ्यांनीच ती बाजारात काढली की भाव पडतो, आणि पुढच्या वर्षी तीच जोडी घ्यायला गेले की दुप्पट पैसे मोजावे लागतात. विहिरीत उरलेले पाणी मरणाऱ्या मक्याला द्यायचे, की रब्बीच्या कांद्याच्या रोपांसाठी राखायचे? सोसायटीचे कर्ज थकले, आता बियाण्याला पैसा कोठून आणायचा? मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क, घरातल्या म्हाताऱ्यांचे औषधपाणी, दिवाळीचा किराणा हे सारे याच महिन्यांत समोर उभे ठाकते. माऊलीच्या अंगावरचे चार मणी सराफाकडे जातात ते ऑक्टोबरअखेरच्या घोषणेपूर्वी. खासगी सावकाराचा उंबरठा ओलांडला जातो तोही तेव्हाच. एकदा चुकीच्या व्याजाने कर्ज डोक्यावर बसले, की नंतर मिळालेली सरकारी मदत शेतात न जाता सावकाराच्या चोपडीत जाते. एका हंगामाची तूट अशी तीन हंगामांची होते.

दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळणाऱ्या सवलती पाहिल्या तर हे अधिक स्पष्ट होते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेप्रमाणे टँकर आणि पंपांची वीजजोडणी न तोडणे अशा या आठ सवलती आहेत. प्रत्येक सवलत उपयोगाची आहे, यात शंका नाही. परंतु त्यांतील बहुतेक सवलती ‘घेणे थांबवतो’ अशा स्वरूपाच्या आहेत; ‘हातात देतो’ अशा नाहीत. हातात देण्यासाठी आपत्ती निवारण निधीचे निकष आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार, किमान ३३ टक्के नुकसान झालेल्या जिरायत शेतीला हेक्टरी साडेआठ हजार रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. एकरी हिशेब केला तर तीन हजार चारशे रुपये. राज्य शासनाने वेळोवेळी आपली भर घालून ही रक्कम वाढवली, हे मान्य; पण बियाणे, खत, मजुरी आणि नांगरट यांचा आजचा खर्च ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्याची मर्यादा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

या पोकळीत उपयोगी पडावी अशी एक तरतूद पीकविम्यात होती. हंगामाच्या मध्यावरच प्रतिकूल परिस्थिती ओढवली आणि अपेक्षित उत्पादन सरासरीच्या निम्म्याहून खाली जाणार असे दिसले, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ द्यावी, असा तो नियम. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीकविमा दिला होता. त्या वर्षी अनेक जिल्ह्यांत प्रशासनाने आगाऊ भरपाईच्या अधिसूचना काढल्या. विमा कंपन्यांनी हरकती घेतल्या, अपिले झाली, आणि ज्यांना रक्कम मिळाली त्यांनाही ती दिवाळीच्या तोंडावर किंवा त्यानंतर मिळाली. पुढे या योजनेत बोगस अर्जांचे प्रकार उघडकीस आले. सरकारी तिजोरीची लूट थांबलीच पाहिजे. परंतु २०२५ मध्ये राज्याने योजनेची फेररचना केली, तेव्हा एक रुपयाचा हप्ता तर गेलाच, त्याबरोबर हंगामातील प्रतिकूल परिस्थितीचा हा निकषही वगळला गेला आणि भरपाई पीककापणी प्रयोगाच्या निष्कर्षावर आली. पीककापणी म्हणजे हंगामाचा शेवट. चोर पकडण्यासाठी दार बंद केले, आणि घरधनीच बाहेर राहिला, असा हा प्रकार आहे. बोगस अर्जाचा बंदोबस्त करायला उपग्रह आहे, सातबारा आहे, ई-पीक पाहणी आहे. त्यासाठी ऑगस्टमधल्या मदतीचा एकमेव मार्ग बुजवण्याचे कारण नव्हते.

पीक हातचे गेले तरी जे थोडे हाती लागते त्याला भाव मिळाला तर शेतकरी सावरतो. दुष्काळी वर्षात नाशिकच्या शेतकऱ्याची सारी भिस्त कांद्यावर असते. मका गेला तर चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा हीच त्याची बँक. १९ ऑगस्ट २०२३ रोजी, म्हणजे त्या कोरड्या ऑगस्टच्या ऐन मध्यावर, कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले. लासलगावसह जिल्ह्यातील बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन खरेदीची घोषणा करून दिलासा देण्याचा प्रयत्न केला. २६ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस आणि गारपिटीने निफाडसह जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि कांद्याला झोडपले. आणि ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. शहरी ग्राहकाला, विशेषतः हातावर पोट असलेल्या कुटुंबाला, महागाईपासून जपणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण त्या कर्तव्याची किंमत एकट्या कांदा उत्पादकाने, आणि तीही दुष्काळाच्या वर्षात, का मोजावी? निर्यातीचे धोरण हंगामापूर्वी जाहीर झाले, आणि ते मधेच बदलावे लागले तर त्याची भरपाई त्याच आदेशात दिली गेली, तर उत्पादक आणि ग्राहक एकमेकांसमोर वैऱ्यासारखे उभे राहणार नाहीत. भाजीच्या पिशवीतला कांदा आणि शेतकऱ्याच्या चाळीतला कांदा एकच आहे. मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांचे भाऊबंद आजही त्याच चाळींचे धनी आहेत.

पाण्यावरूनही असेच दोन तट पडले. गोदावरी खोऱ्यातील समन्यायी वाटपाच्या नियमानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. त्यानुसार ऑक्टोबरअखेरीस नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांतील धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यांत गंगापूर आणि दारणा समूहांचा वाटा ३.१ टीएमसीहून अधिक होता. आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी सोडण्यात आले. नाशिकच्या शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा होता. त्याच्याच जिल्ह्यातील तीन तालुके दुष्काळी होते. पण जायकवाडीखालचा शेतकरीही याच गोदामाईचे लेकरू आहे आणि त्याचे घसे अधिक कोरडे होते. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी जिल्ह्यांच्या सीमा पाहून वाहत नाही. एकाच नदीची लेकरे दर दुष्काळात परस्परांविरुद्ध न्यायालयात उभी राहतात, याचे मूळ पाण्याच्या टंचाईत जेवढे आहे, तेवढेच पाणी मोजून, वेळेत आणि विश्वासाने वाटून घेण्याची सवय मोडण्यात आहे.

ही सवय नाशिकच्या मातीला परकी नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. बागलाणमध्ये मोसम आणि आरम नद्यांवर, पलीकडे धुळ्याकडे पांझरेवर, शतकानुशतके फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. प्रत्येक फडात एकच पीक आणि प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन सगळ्या फडांत. पाणी कमी असले की गावाने बसून ठरवायचे, यंदा एक किंवा दोनच फड भिजतील. सर्वांची जमीन सर्व फडांत असल्यामुळे तूटही सर्वांच्या वाट्याला सारखी येई. पाटकरी, हवालदार, जागल्या ही पाण्याची राखण करणारी माणसे गावच नेमी आणि गावच पोसे. कोणतीही संहिता नव्हती, उपग्रह नव्हता. पण दुष्काळाची तारीख पेरणीपूर्वी ठरत होती. पाणी किती आहे ते पाहून पीक ठरवायचे, पीक ठरवून मग पाणी शोधायला धावायचे नाही, हे त्या व्यवस्थेचे सार होते.

ही गोष्ट केवळ इतिहासजमा झालेली नाही. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाशी ओझरचे शिवार आहे. कालवा होता, हक्क होता; पाणी मात्र शेपटापर्यंत पोहोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी एकराच्या अंदाजाने न घेता घनमापाने मोजून घेतले, नाल्यांवरील बंधारे कालव्याच्या पाण्याने भरून विहिरींची पातळी वाढवली आणि पाणीपट्टी स्वतः वसूल केली. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पावर अशा चोवीस संस्था झाल्या आणि त्यांच्या महासंघाने प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा कायदा राज्याने २००५ साली केला. ओझरकरांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती.

सिन्नर तर दुष्काळाच्या यादीतला नेहमीचाच तालुका. तेथे देवनदीवर ब्रिटिश काळातील वळणबंधारे आणि पाट गाळाने भरून निकामी झाले होते. ‘युवा मित्र’ या संस्थेने गावांना बरोबर घेऊन ते पुन्हा वाहते केले. नवे धरण नाही, पंप नाही, विजेचे बिल नाही. नदीला पाणी असेपर्यंत ते पाटाने उताराने शेतात आणि विहिरींच्या पोटात जाते. अशी कामे दुष्काळ टाळत नाहीत. २०२३ मध्ये सिन्नरही दुष्काळी ठरलाच. पण पावसाच्या एका खंडात पीक संपूर्ण जाणे आणि अर्धे हाती लागणे, यांतला फरक अशाच कामांनी पडतो. आणि शेतकऱ्याच्या घरात हा फरक म्हणजे मुलांचे शिक्षण सुटणे आणि चालू राहणे यांतला फरक असतो.

उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहायला हवी. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात शेततळ्यांची संख्या मोठी झाली. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवणे, ही शेततळ्याची मूळ कल्पना. प्रत्यक्षात प्लास्टिकचे अस्तर घातलेली अनेक तळी विहिरी आणि कूपनलिकांतून उपसून भरली जातात. जमिनीच्या पोटातले, सर्वांच्या मालकीचे पाणी एकाच्या तळ्यात येते आणि उन्हाने उडून जाते. शेजाऱ्याची विहीर मात्र फेब्रुवारीतच तळ गाठते. ज्याच्यापाशी खोल बोअर घेण्याइतका पैसा, त्याचे पाणी, असा न्याय रूढ झाला तर फड पद्धत जन्माला घालणाऱ्या समाजाला ते भूषणावह नाही. दुष्काळ आभाळातून येतो. विषमता मात्र माणसाच्या हातून येते.

राज्यकर्त्यांच्या कर्तव्याविषयीही या भूमीची एक परंपरा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. ज्या कुणब्याच्या अंगी शेती करण्याची ताकद आहे, पण बैल, नांगर, दाणे नाहीत म्हणून जो अडून बसला आहे, त्याला बैलांसाठी रोख पैसा द्या, पोटासाठी धान्य द्या आणि नंतर वाढीदिढी न लावता मुद्दल तेवढे त्याच्या शक्तीप्रमाणे हळूहळू उगवून घ्या, असा त्या आज्ञेचा आशय आहे. अडलेल्याला अडलेल्या वेळीच हात द्यायचा, आणि तो उभा राहिला की मागायचे, हा त्यातला क्रम आहे. आजच्या व्यवस्थेने तो क्रम उलटा केला आहे.

हक्काविषयीची जाणीवही या भूमीत नवी नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकरवी शेतकऱ्यांना सरकारच्याच दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीत समजावून सांगितल्या. कायद्याने जे मिळायला हवे ते मागा, भिऊ नका, हा त्या मोहिमेचा संदेश होता. परकीय सरकारला ते सहन झाले नाही आणि १८९७ मध्ये त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. पुढे स्वतंत्र भारतात १९७२ च्या भीषण दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी महाराष्ट्रभर राबली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले. म्हणजे दुष्काळाकडे दयेच्या नजरेने न पाहता हक्काच्या आणि कर्तव्याच्या नजरेने पाहण्याची वाट याच प्रदेशाने देशाला दाखवली आहे. तीवरून पुढचे पाऊल टाकायचे आहे ते वेळेचे.

ते पाऊल कोणते? शासनापुरते बोलायचे तर, पावसाचा खंड एकवीस दिवसांवर गेला की महसुली मंडळाच्या पातळीवर पहिली मदत आपोआप सुरू व्हावी. चारा, पीककर्जाच्या वसुलीला स्थगिती आणि रब्बीच्या बियाण्यासाठी थोडी रोख रक्कम एवढी ती असली तरी पुरे. अंतिम दुष्काळ ठरवण्याची छाननी नंतर शांतपणे होऊ शकते. पीकविम्यातील मध्य हंगामाची तरतूद, गैरप्रकारांना कडक चाप लावून, परत आणावी. कांद्याचे निर्यात धोरण लागवडीपूर्वी सांगितले जावे. पश्चिमेचे समुद्राला मिळणारे पाणी पूर्वेकडे वळवण्याच्या मांजरपाडा, नार-पार-गिरणा यांसारख्या योजनांची पूर्तता व्हावीच. पण त्या पाण्याच्या वाटपाची व्यवस्था वाघाडसारखी आधीच बांधून ठेवावी. नाहीतर नवे पाणी जुन्या भांडणात मुरेल.

गावाने आपला ताळेबंद आपण मांडायचा आहे. ऑक्टोबरात ग्रामसभेत विहिरींची पातळी मोजून, तीनुसार रब्बीचे क्षेत्र आणि पिके ठरवणे अवघड नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने जिरायत आणि मर्यादित पाण्यासाठी ‘नेत्रावती’सारखे वाण दिले आहेत. एकच पाणी हाताशी असेल तर ते पेरणीनंतर चाळीस-बेचाळीस दिवसांनी द्यावे, हे शास्त्र आज गावागावांत पोहोचू शकते. पाणी कमी त्या वर्षी हरभरा, ज्वारी. पाणी बरे त्या वर्षी कांदा, गहू असा निर्णय एकट्याने घेतला तर तो तोटा वाटतो. गावाने मिळून घेतला तर ते शहाणपण ठरते.

आणि उरलेल्या समाजाचे काय? शहरात राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांना दुष्काळ दिसतो तो टँकरच्या छायाचित्रातून, मार्च-एप्रिलमध्ये. त्या वेळी चारा छावण्यांसाठी निधी जमतो, कार्यकर्ते झटतात, पुण्यकार्य घडते. हे सारे मोलाचे आहे. पण तोवर बैल विकला गेलेला असतो. एखाद्या वस्तीने, एखाद्या गृहसंकुलाने जिल्ह्यातील एका गावाशी कायमचे नाते जोडावे. पावसाळ्याआधी त्याच्या बंधाऱ्यातील गाळ काढायला हात लावावा. ऑगस्टमध्ये पाऊस लांबला तर विचारपूस करावी. तेथील दोन मुलांचे त्या वर्षीचे शुल्क भरावे. विम्याचा आणि सवलतीचा अर्ज भरून देण्यासाठी शिकलेल्या तरुणांनी चार रविवार द्यावेत. याला फार मोठा निधी लागत नाही. वेळेवर पोहोचण्याची इच्छा मात्र लागते.

पाऊस केव्हा यावा, हे कोणाच्या हाती नाही. पण दुष्काळ कोणत्या तारखेला सुरू झाला, हे ओळखणे समाजाच्या हाती आहे. ती तारीख मंत्रालयातल्या आदेशावर छापलेली नसते. मक्याची पाने दुपारी सुरळी होऊ लागतात आणि संध्याकाळी पुन्हा उलगडत नाहीत, त्या दिवशी दुष्काळ सुरू झालेला असतो. त्या दिवशी शेतकऱ्याच्या दारात जो उभा राहील, तोच त्याचा खरा आप्त. पुढचा कोरडा श्रावण येईल, तेव्हा शासन आणि समाज या दोघांनीही ऑक्टोबरच्या अखेरीची वाट न पाहता त्या दारात उभे असावे, एवढी तयारी विहिरी भरलेल्या असतानाच करून ठेवायची आहे.